थांबायचा टोला

देवकामावशी घण मारताना लोखंडाकडे बघत नसत. बघायच्या समोरच्या रस्त्याकडे, नाहीतर शेजारच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या गोधडीकडे. दोन्ही हातांनी घण डोक्यामागे न्यायच्या आणि तो खाली येईपर्यंत त्यांची नजर रस्त्यावरच्या एखाद्या बकरीमागे गेलेली असायची. घण मात्र नेमका तिथेच पडायचा, जिथे सुदामकाकांच्या हातोडीने क्षणभर आधी टोला दिलेला असे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो होतो. म्हटलं, ही बाई आज कुणाला तरी आडवं करणार.

माझं खामगावला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाकीची स्टँडं, असली कामं. सोनाळ्यात एका गोदामाची दारं बसवायचं काम घेतलं होतं आणि बाजारातून आणलेल्या छन्न्या दोन दिवसांत बोथट होत होत्या. कुणीतरी म्हणालं, सुदाम लोहाराकडून पाणी देऊन आणा, मग बघा. पाणी देणं म्हणजे लोखंड तापवून ते नेमक्या वेळी पाण्यात बुडवणं. हे काम येतं असं शंभर जण सांगतात, खरोखर येतं ते एखाद्यालाच. गावाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली त्यांची भट्टी होती. काका जमिनीलगत पाटावर उकिडवे बसलेले, त्यांच्यापुढे बाभळीच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण, आणि पलीकडे लुगड्याचा काचा मारून, मनगटाला चिंधी बांधून उभ्या असलेल्या मावशी. बाई ठेंगणी, अंगाने काटक. कपाळावर मोठं कुंकू आणि त्यावर काजळी.

"मावशी, खाली तरी बघा," मी न राहवून म्हणालो.

त्यांनी घण जमिनीला टेकवला आणि पदराने तोंड पुसलं. "लोखंडाकडं काय पाह्याचं, भाऊ? लाल हाय हे मले मालूम हाय. पाहून पाहून माया मायचे डोये गेले. लोखंड पाह्याचं नसते, आयकाचं असते."

मग त्यांनीच मला समजावून सांगितलं. काका कामाच्या वेळी तोंडाने एक अक्षर काढत नसत. जे सांगायचं ते हातोडीने. तापलेल्या लोखंडावर एक टोला म्हणजे इथे मार. दोन हलके टोले म्हणजे जपून. आणि हातोडी लोखंड सोडून मोकळ्या ऐरणीवर टण्णकन वाजली की थांब. त्या थांबायच्या टोल्याचा नाद हवेत थोडा वेळ राहायचा, आणि तेवढ्यात मावशींचा उचललेला घण खांद्यावर जाऊन विसावायचा. थांबायचा टोला आला नाही तर पुढचा घाव मारायचा. विचारायचं नाही, बघायचं नाही.

"घरात मी बोलते अन् हे आयकतेत," मावशी म्हणाल्या. "अथी हे बोलतेत अन् मी आयकते. हिसाब बराबर."

काका मिशीत हसले. अडतीस वर्षं हा हिशेब चालू होता. लग्न होऊन आल्यावर चौथ्या दिवशी सासऱ्याने हातात घण दिला असं मावशी सांगत. त्यांची आईही माहेरी घणच मारायची, त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. त्यांना कौतुक एकाच गोष्टीचं होतं आणि ते त्या लपवत नसत. "इतके वर्स झाले, माया घण भलतीकडं पडला नाई. कोनालेई इचारा." मी विचारलंही. सोनाळ्यात सगळे हेच सांगायचे.

त्या दिवसापासून माझ्या छन्न्या, टोचे, सगळं त्यांच्याकडे जायला लागलं. मी स्वतः घेऊन जायचो. खरं सांगायचं तर छन्न्या हे निमित्त होतं. मला त्या दोघांचं काम बघायला आवडायचं. माझं काम म्हणजे ठिणग्या, धूर आणि आरडाओरडा. त्यांच्याकडे आवाज माझ्यापेक्षा कमी नव्हता, पण त्यात भांडण नव्हतं.

मावशींना आणखी एक खोड होती. हाताला येईल ते वाजवून बघायचं. नवा विळा, जुना कमानपाटा, गाडग्याचा काठ, माझ्या गाडीचा मडगार्ड. बोटाच्या पेराने टक्कन वाजवायच्या, मान तिरकी करायच्या आणि निकाल द्यायच्या. "ह्याच्यात चीर हाय." कमानपाट्यात खरोखरच केसाएवढी चीर निघायची. माणसांबद्दलही त्या तसंच बोलत. गावातल्या एका पुढाऱ्याचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "तो पोकय वाजते." एकदा मी विचारलं, "मावशी, मी कसा वाजतो?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी भरीव हा, मिस्त्रीभाऊ. पन तुमाले आयकाची सवय नाई." मी मोठ्याने हसलो. हे मी माझ्या दुकानात चहा पिताना चार लोकांना गंमत म्हणून सांगितलंही.

पुढे काकांचे गुडघे गेले. जन्मभर उकिडवं बसून काम केलेल्या माणसाचे जातात तसेच. सकाळी पाटावर बसले की दुपारी उठताना मावशींनी काखेत हात घालून उठवावं लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसणं बंद. त्यांचा मुलगा विलास पुण्याला कंपनीत होता. तो फोनवर म्हणाला, आता भट्टी बंद करा आणि इकडे या. मुलगा वाईट नव्हता, मनापासून बोलावत होता. पण मावशींचा जीव नुसता वरखाली होत होता. "तिकडं जाऊन काय करू? ग्यालरीत उभी राहून मोटारी मोजू?" त्या मला म्हणाल्या. भट्टी विझली असती तर मावशींच्या हातातला घण गेला असता, आणि घण गेला असता तर त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं फारसं काही उरलं नसतं. हे त्या बोलल्या नाहीत, पण मला दिसत होतं.

एके दिवशी दुपारी त्या एकट्याच एसटीने खामगावला माझ्या दुकानात आल्या. हातात बांबूची एक काडी, तिच्यावर विळ्याने केलेली खूण. काका ताठ उभे राहिल्यावर त्यांची मूठ जमिनीपासून किती वर येते, त्याचं ते माप.

"ऐरणीले पाय लावून द्या," मावशी म्हणाल्या. "हे उभ्यानं काम करतीन. मग बंद कराचं काम नाई."

मला इतका आनंद झाला की मी हातातलं गेटचं काम बाजूला सारलं. आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांना गज लावत आलो, आता कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाचं काही करायला मिळत होतं. लगेच खडूने जमिनीवर स्टँडचं चित्र काढलं. पाय तीन, कारण चार पायांचं स्टँड उंचसखल जमिनीवर लंगडतं. वर जाड प्लेट, तिच्या चारी कडांना अँगलचं कुंपण म्हणजे ऐरण सरकणार नाही. उंची काडीवरच्या खुणेपेक्षा चार बोटं कमी, कारण उभ्या ऐरणीवर मावशींच्या घणालाही वाव हवा. ही चार बोटं मला माझ्या मनाने सुचली होती आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. बघा, मी बाईचाही विचार केला.

पाय कोणत्या पाइपचे करायचे ते मावशींनी ठरवलं. भिंतीला टेकवून ठेवलेले सगळे पाइप त्यांनी एकेक करून वाजवले. दोन नापसंत केले. तिसऱ्यावर किल्लीने टोला दिला आणि त्याचा नाद विरेपर्यंत मान तिरकी करून उभ्या राहिल्या. "हा घ्या. हा खरं बोलते."

आणि मी काय केलं? त्या खरं बोलणाऱ्या पाइपात वाळू भरली.

माझ्या उजव्या कानात आठ-नऊ वर्षांपासून शिट्टी वाजते. ग्राइंडरची मेहेरबानी. आमच्या धंद्यात आवाज म्हणजे शत्रू. गिऱ्हाईक पहिली तक्रार आवाजाची करतं, शेजारी तर पोलिसांत जायची भाषा करतात. पोकळ पायांवर ऐरण ठेवली तर ती देवळातल्या घंटेसारखी वाजणार हे मला माहीत होतं, आणि पायांत वाळू ठासली की आवाज मरतो हेही मोबाइलवर पाहिलं होतं. वाळू ओली ठेवून पाइप बंद करणं धोक्याचं, म्हणून ती दोन दिवस उन्हात वाळवली, चाळली, ठोकून ठोकून भरली आणि वरून प्लेट वेल्डिंग करून तोंडं बंद केली. ऐरणीखाली जिनिंगमधल्या जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा टाकला. इतकं मन लावून मी स्वतःच्या घराचं गेटही केलं नव्हतं.

स्टँड घेऊन सोनाळ्याला गेलो तेव्हा अर्धी आळी जमली होती. मावशींनी आधी ऐरणीला हळदकुंकू वाहिलं. तिच्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माय, उठवून राह्यलो तुले. राग धरू नोको." मग आम्ही चौघांनी मिळून ती बाभळीच्या ओंडक्यातून उपटली आणि स्टँडवर ठेवली. काका तिच्यापुढे ताठ उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांना असं उभं राहून हातोडी धरलेलं बघून मावशींचे डोळे भरून आले. काकांनी हातोडी उचलली आणि ऐरणीवर एक टोला दिला.

ठप्प.

"अरे, आवाजच नाई बे!" जमलेल्यांपैकी एक ओरडला. "पक्कं काम हाय!" मी छाती फुगवून उभा. मावशी मात्र पुढे आल्या, बोटाच्या पेराने त्यांनी ऐरण वाजवली, मग स्टँडचा पाय वाजवला.

"हे तं मुकी झाली, भाऊ."

"मावशी, तेच तर केलंय!" मी म्हणालो. "कान वाचतील तुमचे. चार दिवसांत सवय होईल बघा."

त्यांनी पायावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "तुमाले समजते त्याच्यातलं. तुमी शिकेल मानूस."

आठवड्याने काकांचा फोन आला. गुडघे सुखात आहेत, खूप काम येऊन राहिलं, असं सांगत होते. मग मावशींनी फोन घेतला. "भाऊ, सगयं बेस हाय. फक्त तो थांबायचा टोला नीट आयकू येत नाई. आता मी खाली पाहून घण मारून राह्यली, पन मले त्याची सवय नाई. काही करता येते काय?" मी म्हणालो, "येतो पुढच्या आठवड्यात, बघतो." तेव्हा मलकापूरला एका बंगल्याचं काम अंगावर होतं. पुढचा आठवडा आला आणि गेला. मी गेलो नाही. वाळू काढायला अर्धा तास लागला असता.

त्यानंतर जे झालं ते काकांनी मला पुढे सांगितलं. एक जण वखराची पास, म्हणजे वखराचं लोखंडी पातं, सरळ करून घ्यायला आला होता. घाईत होता, म्हणून ट्रॅक्टर दारातच चालू ठेवून उभा राहिला. काकांनी पास तापवली, मावशींनी सात-आठ घाव घातले; हात लयीत आला तशी त्यांची नजर जुन्या सवयीने पुन्हा रस्त्याकडे गेली. तापल्या लोखंडाच्या काळ्या खपल्या सुटून ऐरणीवर पडत होत्या. त्या झाडाव्यात म्हणून काकांनी थांबायचा टोला दिला, हातोडी ठेवली, सांडशीने पास उचलून धरली आणि उजव्या हाताने ऐरणीवर ब्रश फिरवला. अडतीस वर्षं ते असंच करत आले होते. टोला दिला की वरचा घण थांबतो. तो थांबला आहे की नाही हे त्यांनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

दोन बोटं गेली. तिसरं वाचलं, पण वाकत नाही.

मला दुपारी फोन आला आणि मी खामगावच्या दवाखान्यात धावलो. मावशी बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. लुगड्यावर काजळी होती आणि रक्त होतं. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते. मी शेजारी बसलो. त्या म्हणाल्या, "टोला आयकाले आला नाई, भाऊ."

त्या क्षणी मला सगळं समजलं. वाळू, रबरी पट्टा, तो फोन, सगळं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की मावशी, चूक माझी आहे. त्याऐवजी मी काय म्हणालो ते लिहितानाही हात आखडतो. मी म्हणालो, "होतं असं मावशी. वय झालं आता तुमचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. 

मी असं का बोललो? भीतीने, दुसरं काय. सोनाळ्याकडची तीन-चार कामं माझ्याकडे होती. खामगावच्या मिस्त्रीच्या स्टँडने सुदाम लोहाराचा हात गेला, हे वाक्य मला लोकांच्या तोंडी ऐकायचं नव्हतं. ते कुणी बोललंही नाही. गावाने आपलं वाक्य आधीच ठरवलं होतं: देवकाबाईचा घण चुकला. बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर तेच. "डोयात मोतीबिंदू असन बुढीच्या." "पह्यलेच खाली पाहत नव्हती ते." "बाईनं पुरुषासारखं वागाचं म्हनलं की असंच होते." विलास पुण्याहून आला आणि डॉक्टरांसमोर म्हणाला, आई थकली आता, तिला काही समजत नाही. आणि मावशींना कुणी विचारलंच तर त्या मान खाली घालून म्हणायच्या, "हो. माया घण चुकला." काका तेवढे वाद घालायचे, पण त्यांचं कोण ऐकणार? सगळे म्हणायचे, नवरा आहे, बायकोची बाजू घेणारच.

हे सगळं मला कळत होतं, आणि मी खामगावात बसून ग्रिला जोडत होतो. आठवडे गेले. एक दिवस एका गिऱ्हाइकाने कॉम्प्रेसरचं स्टँड आणलं. म्हणाला, आवाज फार होतो, पायांत वाळू भरून द्या. मी डबा हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. गिऱ्हाईक विचारत होतं, काय झालं, बरं नाही का? मी डबा खाली ठेवला आणि दुकान बंद केलं. दुसऱ्या दिवशी दसरा होता.

दसऱ्याला लोहाराच्या ऐरणीची पूजा होते. गावातले शेतकरी आपली अवजारं आणून तिथे ठेवतात, नारळ फुटतो. त्या वर्षी काम बंद असलं तरी लोक आले होते. मी ग्राइंडर आणि लांब वायर घेऊन पोहोचलो तेव्हा वीस-पंचवीस माणसं छपराखाली होती. विलास होता. काका हाताला पट्टी बांधून खुर्चीवर बसले होते. ऐरणीला झेंडूची माळ घातली होती. घण धुऊन, हळदकुंकू लावून भिंतीशी उभा केला होता, आणि मावशी त्याच्यापासून लांब, दाराशी बसल्या होत्या.

मी सरळ ऐरणीपाशी गेलो. वायर जोडली, गुडघ्यावर बसलो आणि तिन्ही पायांना खालच्या अंगाने चिरा पाडल्या. आत ठासलेली वाळू आधी हलेना. मी हातोडीने पाइप ठोकले, तेव्हा ती भसाभसा जमिनीवर यायला लागली. लोक बघत राहिले. मग ऐरण थोडी उचलायला लावून रबरी पट्टा ओढून काढला.

"ही वाळू मी भरली," मी म्हणालो.  "आवाज मारायला भरली. काकांनी थांबायचा टोला दिला होता, तो हिने खाल्ला. मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फोन करूनही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मावशींचा घण चुकलेला नाही."

 काका खुर्चीवरून उठले. डाव्या हातात हातोडी घेतली आणि ऐरणीवर एक टोला दिला. टण्ण. तो नाद छपराच्या पत्र्याला लागून रस्त्यापर्यंत गेला. दाराशी बसलेल्या मावशींचा खांदा नकळत हलला, घण खांद्यावर घेतल्यासारखा. त्या उठल्या आणि माझ्यासमोर आल्या.

"येवढे दिवस लागले तुमाले, मिस्त्रीभाऊ?"

मी मान खाली घातली. "तुम्हाला माहीत होतं?"

"दवाखान्यात बसली तवाच मालूम होतं."

"मग तुम्ही का नाही सांगितलं? सगळे तुम्हाला बोलत होते."

"मी सांगतलं असतं तं लोक काय म्हनले असते? बाईनं नवऱ्याचा हात फोडला अन् आता ऐरणीवर ढकलून राह्यली." त्या शांतपणे बोलत होत्या, आणि तेच मला सोसत नव्हतं. "ते तुमच्याच तोंडून याले पायजे होतं. मी वाट पाह्यली. रोज रस्त्याकडं पाह्यलं. मंग सोडून देल्लं."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. आपट्याची पानं देऊन लोक पांगले. काहीजण जाताना मावशींना "चाल्लो, बाई" म्हणाले, नेहमीपेक्षा जरा हळू. विलास आईजवळ जाऊन बसला आणि बराच वेळ तिचा हात हातात धरून राहिला.

त्यानंतर भट्टी पेटेल अशी मला वेडी आशा होती. काकांना सांडशी नीट धरता येईना, हातोडी तर नाहीच. मी म्हटलं, मावशी, तुम्ही काकांच्या जागी उभ्या राहा, मी येऊन घण मारतो. त्या हसल्या. अपघातानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "तुमी? तुमी तं मायाच डोक्यात मारसान." घणाला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. टोला ऐकू आला तरी वर गेलेल्या हाताचा भरवसा वाटत नाही, म्हणाल्या. दिवाळीनंतर दोघं पुण्याला गेले. मी बसस्टँडवर गेलो होतो. मावशींनी खिडकीतून एवढंच सांगितलं, "तब्येतीले जपजा." ज्यांना गॅलरीतून मोटारी मोजायच्या नव्हत्या त्यांना मी तिथे पाठवलं, हे मला त्या गाडीच्या मागून चालताना कळत होतं.

आता कुणी काही बनवायला आलं की मी विचारतो, या वस्तूपाशी आणखी कोण कोण उभं राहणार आहे? त्यांनाही घेऊन या. गिऱ्हाइकं वैतागतात. एक जण म्हणाला, पिठाच्या गिरणीचं स्टँड करायचंय, लग्नाची पत्रिका नाही. वैतागू देत.

गेल्या थंडीत मावशी गेल्या. छातीत कफ झाला, आठ दिवस दवाखान्यात होत्या, तिथेच संपल्या. काकांनी फोनवर एवढंच सांगितलं. ते पहिल्यापासून कमी बोलणारे. 

परवा कामानिमित्त सोनाळ्याला गेलो होतो. चहाच्या टपरीवर त्या बंद छपराचा विषय निघाला. पंचविशीतला एक शेतकरी आपल्या पाहुण्याला सांगत होता, "अथी एक लोहारीन होती, लय जबरदस्त घण मारे. मंग एक दिवस तिचा घण चुकला अन् नवऱ्याचा हात गेला." मी चहा ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं, अगदी वाळूसकट. त्याने ऐकून घेतलं. मग पाहुण्याकडे वळून म्हणाला, "असन बा. पन घण तं तिचाच होता ना?"

दसऱ्याला वीस-पंचवीस माणसांसमोर बोललो होतो, ते पुरलं नाही. म्हणून आता लिहून ठेवतो, माझ्या हाताने. सुदामकाकांनी थांब म्हणून सांगितलं होतं. मी ते देवकामावशींपर्यंत पोहोचू दिलं नाही. थांब असं ऐकू आलं नाही तर पुढचा घाव मारायचा, हे त्यांचं काम होतं आणि त्यांनी ते केलं. त्या दिवशी त्यांचा घण ऐरणीच्या बरोबर मधोमध पडला.